तीन नंबरचं कोर्ट

"बूट काढ," दादा म्हणाला.

"इथं?"

"इथंच. तुझ्या त्या टाचांनी कोर्टाला भोकं पडतील. ओताकारनं बघितलं तर तुला नदीत ढकलंल."

मी बूट-मोजे काढून कुंपणाच्या दाराशी ठेवले आणि आत पाय टाकला. माती लाल होती, गार होती. नुकतंच पाणी मारलेलं होतं.

"ओळख बघू काय आहे ते."

मी चिमूटभर उचलून बोटांत चोळली. आमच्या घरात जन्मलेल्या कुणालाही ते डोळे मिटून सांगता आलं असतं.

"वीट."

"वीट आणि कौलं. भाजलेली, फोडलेली, दळलेली." दादा हसला. "आबा जन्मभर ओरडत राहिले, वीट फोडू नका रे, वीट फोडू नका. आणि हे लोक खेळायला म्हणून मुद्दाम फोडतात. आबांना कळलं असतं तर त्यांनी मला दुसऱ्यांदा घराबाहेर काढलं असतं."

पहिल्यांदाही आबांनी त्याला काढलं नव्हतं. तो आपण होऊन गेला होता. पण ते मी बोललो नाही. एकतीस वर्षांनी भेटलेल्या भावाशी पहिल्याच सकाळी वाद घालायला मी प्रागला आलो नव्हतो. त्याला घेऊन जायला आलो होतो.

ही २००४ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. मी तेव्हा सांगलीच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. आमची वीटभट्टी कृष्णेकाठी, सांगलीपासून थोड्या अंतरावर. दादा, म्हणजे मुरलीधर, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. भट्ट्या बांधण्याचं शिक्षण घ्यायला म्हणून शिष्यवृत्तीवर तिकडे गेला आणि तिथलाच झाला. तिथल्याच हानाशी त्यानं लग्न केलं. मूलबाळ झालं नाही. हानावहिनीला जाऊन चार वर्षं झाली होती. तो परत कधी आला नाही. आबा गेले तेव्हाही नाही. आता आई थकली होती, डोळ्यांनी दिसणं कमी झालं होतं, आणि तिनं एकच धोशा लावला होता. "मुराला आण. दिसंनासं व्हायच्या आधी आण."

मी रजा मागितली तेव्हा आमचे संपादक कळंत्रे म्हणाले, "जाताय तर रविवारच्या पुरवणीला एक लेख आणा. त्या गावात म्हणे झाडून सगळे टेनिस खेळतात. का खेळतात एवढं, ते शोधा."

सगळे खेळतात हे शोधावं लागलंच नाही. विमानतळावरून येताना ट्राममध्ये माझ्यासमोर एक सत्तरीची बाई बसली होती. तिच्या भाजीच्या पिशवीतून कोथिंबिरीशेजारी रॅकेटचा दांडा बाहेर आला होता. तिच्यामागं कोटटाय घातलेला एक गृहस्थ रॅकेट मांडीवर घेऊन डुलक्या काढत होता. पुढच्या थांब्यावर शाळेच्या चार मुली चढल्या. चौघींच्या पाठीवर रॅकेटा.

"आज कसली स्पर्धा आहे काय?" मी दादाला विचारलं.

"आज बुधवार आहे," तो म्हणाला.

खिडकीतून नदीकाठी लाल चौकोन दिसत राहिले. घरांच्या मागं, रेल्वेच्या रुळांना लागून, एका कारखान्याच्या भिंतीआड. सगळीकडे पांढऱ्या कपड्यांतली माणसं हलत होती.

"आपल्याकडं कशा तालमी होत्या," दादा म्हणाला, "गल्लीला एक तालीम, तालमीला एक वस्ताद, आणि शेजारच्या गल्लीशी वैर. हे तसंच. माती तेवढी लाल दोन्हीकडं."

त्याचं मराठी जसं गेलं तसं होतं. एकतीस वर्षांत त्यात नवा शब्द शिरला नव्हता. सिनेमाचा तंबू अजून गावात येतो का, असं त्यानं मला विचारलं. मी नाही म्हणालो तर त्याचा चेहरा पडला.

त्याचा क्लब नदीला लागून होता. लिंडनच्या झाडांखाली सहा कोर्टं, लाकडी खोली, आणि खिडकीत बसलेली लेंका. लेंका शाळेत इंग्रजी शिकवायची आणि उरलेल्या वेळात क्लबचं काम बघायची. कुणाला कुठलं कोर्ट कधी मिळेल ते तीच ठरवायची. मे महिन्यात कोर्ट मिळणं म्हणजे आपल्याकडं लग्नसराईत कार्यालय मिळण्यासारखं. त्या खिडकीशी मी दोन डॉक्टरांना एका प्लंबरच्या हातापाया पडताना बघितलं, अर्धा तास दे म्हणून. प्लंबर हलला नाही.

ओताकार हा लेंकाचा बाप. ट्राम चालवून निवृत्त झालेला, उंच, वाकलेला, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. दादाचा दुहेरीतला जोडीदार. दोघं मिळून पंचवीसेक वर्षं खेळत होते. डॉक्टरनं दोन वर्षांपूर्वी दादाची छाती तपासून एकेरी बंद केली होती.

"आणि दुहेरी?" मी विचारलं.

"दुहेरीबद्दल मी त्याला विचारलंच नाही."

ओताकार काहीतरी बोलला. दादानं मला सांगितलं, "तो म्हणतो, माझ्याबरोबर दुहेरी खेळणं म्हणजे एकेरीच. पळायचं सगळं त्यालाच लागतं."

"खरं आहे काय?"

"त्याचे गुडघे बघ आणि तूच ठरव."

त्या गुरुवारी दोघं दुसऱ्या एका जोडीशी खेळले आणि मी बाकावर बसून बघितलं. मला टेनिसमधलं काही कळत नव्हतं. एक गोष्ट मात्र लगेच लक्षात आली. चेंडू रेघेजवळ पडला आणि वाद झाला की कुणी आरडाओरडा करत नव्हतं. ज्याच्या बाजूला पडला तो चालत जायचा, वाकायचा, आणि मातीतल्या खुणेभोवती रॅकेटनं गोल काढायचा. दुसरा जाळीवरून बघायचा. वाद संपला.

मी लेखासाठी ओताकारला विचारलं, तुमच्या शहरात सगळे टेनिस का खेळतात? दादानं तो प्रश्न तिकडच्या भाषेत घातला. ओताकार खाली मातीकडे बोट दाखवून बोलला.

"तो म्हणतो," दादा म्हणाला, "मागच्या राज्यात, कम्युनिस्टांच्या, खरं-खोटं कचेरीत ठरायचं. कुणाची ओळख मोठी त्यावर. इथं चेंडू आत पडला का बाहेर, ते जमिनीवर दिसायचं. तेवढ्यासाठी माणसं यायची."

"आणि तू?"

"मी विटेसाठी," दादा म्हणाला आणि उठला. "चल. झाडायचं आहे."

खेळ संपला की चौघांनी आपलं कोर्ट झाडायचं, हा तिथला नियम. नोकर नव्हता असं नाही. पण खेळणाऱ्यानं दुसऱ्याच्या हवाली करून जायचं नाही. रुंद जाळी दोरीला बांधलेली असते. ती ओढत कोर्टावर फिरायचं, मग रेघा ब्रशनं साफ करायच्या, मग पाणी. दादानं दोरी माझ्या हातात दिली.

"कडेपासून सुरू कर. गोल गोल आत ये. मधून सुरू केलंस तर तुझीच पावलं मागं राहतात."

"आणि नाही झाडलं तर?"

"नाही झाडलं असं होत नाही."

"मंत्री आला तर?"

"एक आला होता. ओताकारनं त्याला फाटकातून परत आणला. मोटारीत बसला होता तो."

मी जाळी ओढली. अनवाणी होतो, त्यामुळे माझी पावलं उमटत होती आणि मागून येणारी जाळी ती पुसत होती. बाहेर पुढचे चौघे रॅकेटा घेऊन उभे होते. माझं एक वळण चुकलं तेव्हा त्यातली एक आजी मोठ्यानं हसली.

परतीची दोन तिकिटं माझ्या खिशात होती, पुढच्या मंगळवारची. दादाला मी ती पहिल्याच रात्री दाखवली होती. त्यानं आपलं तिकीट हातात घेतलं, नाव वाचलं आणि परत दिलं. "बघू," म्हणाला. गुरुवारीही बघू. त्याचा पासपोर्ट अजून भारताचाच होता, तो त्यानं दर वेळी नवा करून घेतला होता, हे मला घरातल्या कपाटात दिसलं. पण त्यावर शिक्का एकही नव्हता.

शुक्रवारी दुपारी आम्ही तीन नंबरच्या कोर्टाशेजारच्या बाकावर बसलो होतो. ओताकार आमच्याकडे पाठ करून कोर्टावर पाणी मारत होता. मी ठरवून विषय काढला.

"दादा, आईला काय सांगू?"

"सांग, तब्येत बरी नाही."

"तुझी तब्येत मी दोन दिवस बघतोय. उद्या परत सामना खेळणारेस तू."

तो म्हणाला, "दिगू, काय तोंड घेऊन येऊ? थोरला मी. आबांना अग्नी दिलास तू. मला तार मिळाली चौथ्या दिवशी. ओस्त्रावाला गेलो होतो मी, क्लबच्या सामन्यांना. बाप जळत होता आणि मी तिकडं चेंडू मारत होतो. परत आलो तर दाराखाली तार. म्हटलं, आता जाऊन काय करायचं? सगळं आटोपलं असणार. अग्नी झाला, सावडणं झालं. आता जायचं ते नुसतं लोकांची तोंडं बघायला."

"आटोपलं नव्हतं," मी म्हणालो.

"काय?"

"चौथ्या दिवशी आटोपलं नव्हतं. आईनं सावडू दिलं नाही. थोरला आल्याशिवाय रक्षेला हात लावायचा नाही म्हणाली."

दादा माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की हे त्याला कुणीच कळवलं नव्हतं. घरात आम्ही सगळे हे धरूनच चाललो होतो, की त्याला माहीत आहे आणि तरी तो आला नाही. आई तसं समजत होती. मीही तसंच समजत होतो.

"मग?"

"मग काय. भावकी बडबडली. तिसऱ्या दिवशी नदीकडून वारं सुटलं, राख उडायला लागली. तेव्हा आपल्याच भट्टीतल्या कच्च्या विटा आणून आम्ही भोवतीनं आडोसा केला. एवढा." मी हातानं दाखवलं. "मी आणि तुकामामा आळीपाळीनं बसलो राखायला. पाचव्या दिवशी थोरले चुलते म्हणाले, आता बास, हे बरं नव्हे. मग सावडलं. आई आली नाही. ती घरीच बसून राहिली."

"पाच दिवस," दादा म्हणाला.

"हां."

"मी चौथ्या दिवशी निघालो असतो तर?"

चौथ्या दिवशी प्रागहून निघालेला माणूस पाचव्या दिवशी आमच्या गावात पोचला नसताच. हे त्यालाही कळत होतं. पण त्यानं विचारलं ते अंतराबद्दल नव्हतं.

तो उठला आणि ओताकारकडे गेला. पाण्याची नळी ओताकारच्या हातात तशीच चालू होती. दादा तिकडच्या भाषेत बोलायला लागला. मला एक शब्द कळला नाही. मी फक्त बघत होतो. त्यानं झाडल्यासारखा हात फिरवला. मग जमिनीपासून वीतभर उंच तळवा धरला, मी धरला होता तसाच, आणि तो भोवतीनं फिरवला. ओताकारनं नळी बंद केली. टोपी काढली. खिडकीतून लेंकाही बाहेर आली आणि ऐकत उभी राहिली.

दादा परत आला तेव्हा त्याचे डोळे कोरडे होते.

"मंगळवारी किती वाजता विमान आहे?"

"दुपारी."

"मग उद्याचा सामना खेळून येतो. शब्द दिलाय. पलीकडच्या काठाच्या क्लबशी आहे, नाही खेळलो तर ते वर्षभर बोलतील, हिंदुस्थानी पळाला म्हणून."

संध्याकाळी त्यानं स्वतः आईला फोन लावला. आमच्याकडे तेव्हा रात्र झाली होती, पण आई जागी होती.

"आई, मुरा बोलतोय."

आईचा आवाज खोलीभर ऐकू आला. लांबच्या माणसाशी मोठ्यानंच बोलावं लागतं अशी तिची समजूत होती.

"आवाज आबांसारखा झाला की रं तुझा."

"म्हातारा झालो, आई."

"मी हाय अजून. तू कशाला म्हातारा होतुयास?"

"येतोय मी. बुधवारी पोचतो."

"ये. दिगूला म्हणावं, तुला खिडकीजवळ बसू दे. भट्टीचा धूर दिसंल वरनं."

दादा तिला म्हणाला, दिसेल. विमान मुंबईला उतरणार होतं हे त्यानं तिला सांगितलं नाही.

शनिवारी ऊन चांगलं होतं. सामना बघायला कुंपणापाशी तीसचाळीस माणसं होती. चार म्हाताऱ्यांची दुहेरी बघायला. खेळ संपला की झाडायला हात द्यायचा म्हणून मी बूट आधीच दाराशी काढून ठेवले होते. पलीकडच्या क्लबचा एक खेळाडू दंतवैद्य होता. ओताकार त्याला दर गुणाला काहीतरी टोमणा मारत होता आणि लोक हसत होते. शेजारी उभ्या लेंकानं मला इंग्रजीत समजावलं, "बाबा म्हणतात, हा माणूस दात काढतो तसाच चेंडू मारतो. खूप जोर आणि भलताच दात."

दादा चांगला खेळत होता. निदान मला तसं वाटलं. एकदा चेंडू त्याच्या बाजूला रेघेपाशी पडला. ओताकार बाहेर म्हणून ओरडला. दंतवैद्यानंही मान्य केलं. दादा मात्र चालत गेला, वाकून बघितलं, खुणेभोवती गोल काढला आणि मान हलवली. आत होता. ओताकारनं कपाळाला हात लावला आणि लोकांकडे बघून काहीतरी म्हणाला. परत हशा.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, पंचवीस वर्षं मी दोघांविरुद्ध नाही, तिघांविरुद्ध खेळतोय."

त्यानंतर थोड्याच वेळानं दादाची सर्व्हिस आली. त्यानं चेंडू वर टाकला, मारला. चेंडू बरोबर पडला. दंतवैद्यानं तो परत मारला नाही. त्यानं रॅकेट खाली घेतली होती, कारण दादा खाली बसला होता. आधी एक गुडघा, मग हात. मग तो कुशीवर झाला, घरी दुपारी झोपायचा तसा.

दंतवैद्य जाळी ओलांडून धावला. त्यानंच छाती दाबायला घेतली. गाडी लवकर आली. मी अनवाणीच तिच्यात चढलो. दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईनं मला खोलीत बोलावलं आणि इंग्रजीत सावकाश सांगितलं. सांगायची गरज नव्हती. गाडीतच झालं होतं.

आईला कळवणं माझ्याच वाट्याला आलं. मी गेली वीस वर्षं दुसऱ्यांच्या घरातल्या मरणाच्या बातम्या लिहीत होतो. पहिल्या वाक्यात काय घालायचं ते मला माहीत होतं. मी तसंच सांगितलं. आई रडली नाही. ती म्हणाली, "तिकीट बघितलं हुतं का त्यानं?"

"बघितलं होतं. सामान भरून झालं होतं."

"मग निघालाच हुता तो."

"हो, आई."

"सावडायला कोण हाय तिथं?"

मी तिला तिथली पद्धत सांगितली. तिकडे विजेवर दहन होतं. ते काही दिवसांनी होणार. रक्षा यंत्रातून काढून, बारीक करून, बंद डब्यात मिळते. मी ती घेऊन येईन, आपण कृष्णेत सोडू.

"म्हंजे सावडायचंच न्हाई?"

"तिथं तसं नसतं, आई."

"आबांचं पाच दिस राखलं," ती म्हणाली. "आन् ह्याचं एक दिस बी न्हाई."

तिनं फोन ठेवला की तिच्या हातातून सुटला ते मला कळलं नाही.

रविवार कागदपत्रांत आणि बंद कचेऱ्यांच्या दारांत गेला. तिकिटं पुढं ढकलावी लागली. माझे बूट अजून क्लबच्या कुंपणापाशीच होते. मी दादाचे घालून फिरत होतो, पुढं कागद कोंबून. रात्री लेंकाचा फोन आला.

"उद्या सकाळी क्लबवर येऊ शकाल?"

"त्याची पिशवी न्यायची आहे ना? येतो."

"पिशवी आहे," ती म्हणाली, "पण त्यासाठी नाही. एक काम आहे, ते तुम्हीच करायला हवं."

सोमवारी सकाळी गेलो तेव्हा झाडांखाली गर्दी होती. सहापैकी पाच कोर्टांवर खेळ चालू होता. तीन नंबर रिकामं होतं. दाराला साखळी घातलेली होती. बाहेर बाकांवर माणसं रॅकेटा घेऊन बसली होती. ती हसणारी आजी होती, तो प्लंबर होता, शाळेच्या मुली होत्या. मला बघून ती सगळी उठून उभी राहिली.

नदीच्या बाजूच्या कुंपणाला खालपासून वरपर्यंत हिरवी ताडपत्री बांधलेली होती. शनिवारी ती तिथं नव्हती.

ओताकार साखळीपाशी उभा होता. दाढी वाढलेली. तो बोलायला लागला आणि लेंका एकेक वाक्य इंग्रजीत सांगू लागली.

"बाबा म्हणतात, दंतवैद्यानं आणि त्याच्या जोडीदारानं त्यांचा अर्धा भाग शनिवारीच झाडला. या बाजूचा अर्धा तसाच आहे."

मी कुंपणातून बघितलं. पलीकडचा अर्धा गुळगुळीत होता. अलीकडच्या अर्ध्यावर बुटांच्या खुणा होत्या, घसरल्याचे पट्टे होते, चेंडूंचे ठिपके होते. रेघेपाशी रॅकेटनं काढलेला एक गोल होता.

"शुक्रवारी मुरानं बाबांना सांगितलं, की तुमच्याकडे माणूस गेला की तिसऱ्या दिवशी त्याच्या जवळच्यानं झाडायचं असतं. त्याच्या वडिलांसाठी तुम्ही त्याची वाट बघत पाच दिवस थांबलात, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून भिंत घातलीत. त्याला ते माहीत नव्हतं. तो बाबांना म्हणाला, मी चुकलो, मी जायला हवं होतं. शनिवारी बाबा म्हणाले, मग आपणही थांबू. हे कोर्ट दुसरं कुणी झाडायचं नाही. दोन दिवस इथं कुणाला खेळू दिलेलं नाही. कुणी मागितलंही नाही."

मी उपसंपादक माणूस. चूक दिसली की दुरुस्त करायची सवय. हे असं नसतं, सावडतात ते रक्षा, खेळाचं मैदान नव्हे, असं वाक्य माझ्या मनात इंग्रजीत तयारही झालं. मग मी त्या ताडपत्रीकडे बघितलं. ती पन्नासेक ठिकाणी दोरीनं बांधलेली होती, खालच्या कडेला विटा ठेवलेल्या होत्या.

"बाबा विचारतात, पद्धतीत काही चुकलं का?"

"नाही," मी म्हणालो. "बरोबर आहे. तिसराच दिवस आहे."

मी बूट काढले. ओताकारनं साखळी सोडली आणि जाळीची दोरी माझ्या हातात दिली. मग तो खाली मान घालून काहीतरी पुटपुटला.

"बाबा विचारतात, ते तुमच्याबरोबर आले तर चालेल का? म्हणतात, माझी पावलंही त्यातच आहेत. वेगळी काढता येत नाहीत."

मी मान हलवली. ओताकार खाली बसला, गुडघ्यांमुळे त्याला बराच वेळ लागला, आणि त्यानंही आपले बूट काढले. लेंकानं पुढं होऊन हात दिला तो त्यानं घेतला नाही.

आम्ही कडेपासून सुरू केलं. दोरीचं एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे. पहिली फेरी, दुसरी फेरी. दादाची पावलं डावीकडे जास्त होती. ओताकारची उजवीकडे, आणि मध्ये दोघांची एकात एक. रेघेपाशीच्या गोलाशी ओताकार थांबला, वाकून बघितलं आणि लेंकाकडे बघून एक वाक्य बोलला.

"म्हणतात, आत होता. मुराचं बरोबर होतं."

शेवटी मागच्या रेघेजवळचा एक तुकडा राहिला. तिथं एका गुडघ्याचा खळगा होता आणि पसरलेल्या पंजाची खूण होती. गाडीच्या माणसांच्या बुटांखालून वाचलेली पाची बोटं स्पष्ट होती. मी थांबलो. ओताकारही थांबला. बाहेरची माणसं उभीच होती. शेजारच्या कोर्टांवरचा खेळ कधी थांबला ते मला कळलं नव्हतं.

मी खाली बसून त्या पंजातली थोडी माती उचलली आणि रुमालात बांधली. मग उठून दोरी ओढली.

रेघा ओताकारनं साफ केल्या. पाणी मी मारलं. सगळं झाल्यावर लेंकानं खिडकीतला फोन माझ्यापुढं ठेवला. आमच्याकडे दुपार होती. आईनं लगेच उचलला.

"आई, सावडलं."

"कुठं?"

"इथंच. नदीकाठी."

"तिसऱ्या दिशी?"

"तिसऱ्या दिवशी. तो होता तिथली माती घेतलीय थोडी. आणतो. विटेचीच आहे."

"कुणी थांबलं हुतं का त्याच्यासाठी?"

मी खिडकीतून बाहेर बघितलं. ओताकार बाकावर बसून लाल झालेले पाय पुसत होता. लेंकानं यादीत बघून नावं पुकारली. ती आजी आणि तीन मुली तीन नंबरच्या कोर्टावर चालल्या होत्या. दारातून आत जाताना आजी क्षणभर थांबली, मग गेली.

"हो," मी म्हणालो. "अख्खं गाव थांबलं होतं."

आई रडायला लागली. मी तिला रडू दिलं. थोड्या वेळानं तिनं नाक ओढलं.

"ते टकटक काय वाजतंय?"

"चेंडू आहे, आई. खेळायला लागले."

"लागू दे," ती म्हणाली. "खोळंबली असतील बिचारी."